दोष आढळला नाही

श्रुतिकाचा साखरपुडा ज्या वर्षी ठरला, मोडला आणि त्याच मुलाशी पुन्हा ठरला, त्या २०२४ सालच्या दसऱ्याला तिच्या आजोबांकडे, म्हणजे जोगेश्वरीच्या दशरथ सावंतांकडे, विजेवर चालणारी मोटार आली. घेतली मुलाने, हर्षदने. पण तगादा दशरथरावांचा होता. भाऊबीजेला मुलुंडला ताईच्या दारात त्यांना स्वतःच्या गाडीतून उतरायचं होतं.

वसुधाताई त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर नऊ वर्षांच्या भावाला तिनेच बोटीने मुंबईला आणलं आणि वाढवलं. तेव्हापासून एकही भाऊबीज चुकली नव्हती. दसऱ्याच्या सकाळीच तिचा फोन आला, "दशरथा, गाडी घेवन ये हां! चाळीत सगळ्यांका सांगान ठेवलंय."

पूजा रीतसर झाली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. हर्षद आत बसला आणि गाडी हलेना. पडद्यावर अक्षरं आली: चाकांखाली अनोळखी वस्तू.

"बाबा, लिंबं काढू का?"

"चिरडल्याशिवाय काढायची नसतात रे! दाब जोरात."

हर्षदने तीनदा दाबलं. तिसऱ्यांदा गाडीने सगळे दिवे विझवले आणि आपण सुरक्षित अवस्थेत गेल्याचं जाहीर केलं. म्हणजे तिच्यापासून माणसं सुरक्षित झाली. मग तिला दुसऱ्या गाडीवर चढवून अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरला नेलं.

तिथे तेलाचा डाग नव्हता की एक पाना नव्हता. कॉफीचं यंत्र होतं आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेला यज्ञेश नावाचा ग्राहक-समाधान अधिकारी होता.

"काका, चांगली बातमी आहे. गाडीत दोष आढळला नाही."

"मग द्या."

"तीच तर अडचण आहे ना. दोष असता तर दुरुस्त करून दिली असती. दोषच नाही, तर दुरुस्त झाली असं कसं लिहू? आणि तसं लिहिल्याशिवाय गेट उघडत नाही."

"मग दोष आहे असं लिहा."

"खोटं लिहू?" यज्ञेशला मनापासून वाईट वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात मुख्य कार्यालयाने तोडगा काढला. गाडीत नवी प्रणाली भरायची. त्यासाठी बॅटरी ऐंशी टक्के हवी होती, ती होती बासष्ट टक्के. चार्जर चार हातांवर उभा होता. पण सुरक्षित अवस्थेतली गाडी चार्ज करायला मनाई होती, आणि त्या अवस्थेतून तिला बाहेर काढायला नवी प्रणाली लागत होती.

विशेष परवानगीसाठी फॉर्म भरायचं ठरलं. 'चाकाखालील वस्तू' या रकान्यात दगड, खिळा, काच आणि प्राणी एवढेच पर्याय होते. लिंबू नव्हतं. त्यातल्या त्यात सजीव म्हणून यज्ञेशने 'प्राणी' निवडला. चार दिवसांनी विचारणा आली: प्राण्याची सध्याची प्रकृती कळवावी. दशरथराव सरळ माणूस. त्यांनी लिहून दिलं, 'चारही प्राण्यांचं सुनेने लोणचं घातलं.' प्रकरण कायदा विभागाकडे गेलं.

भाऊबीज आली. इमारतीतला नंदू रिक्षा पुसत खाली उभा होता.

"काका, बसा ना. पाऊण तासात मुलुंड. ओवाळून घ्या, मी थांबतो."

"घरात नवीकोरी गाडी असताना रिक्षातून उतरू? ताईची चाळ काय म्हणेल?"

"गाडी घरात कुठे आहे? ती तर अंधेरीत कॉफी पितेय."

दशरथरावांनी ताईला फोन केला. ती म्हणाली, "असू दे रे. गाडी मिळाली की ये. ताट झाकून ठेवतंय." भावाचा मान तोच तिचाही मान होता. त्यामुळे साठ वर्षांत प्रथमच भाऊबीज पुढे ढकलली गेली.

तीन आठवड्यांनी ताईचा पुन्हा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "चार दिस ताप आसा. जेवण जात नाय. गाडी ऱ्हवांदे, दशरथा. तू ये."

"येतंय गे बाये. आता गुरुवारी गाडी मिळतेच आहे. तुला तिच्यातूनच मोठ्या डॉक्टरकडे नेतो."

गुरुवारचं खरं होतं. ॲपवर तसं हिरव्या अक्षरांत आलं होतं. हर्षदने दाखवलं, दशरथरावांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. कायदा विभागाने लोणच्याचा खुलासा मान्य केला होता.

मंगळवारी सकाळी मुलुंडहून भाच्याचा फोन आला. दशरथराव नंदूच्या रिक्षातून गेले. चाळीस मिनिटं लागली. चाळीतल्या कोणीही रिक्षाकडे पाहिलं नाही. ताईच्या फळीवर तबक होतं, त्यात सुपारी, निरांजन आणि कागदात बांधलेलं कुंकू.

गाडी ठरल्याप्रमाणे गुरुवारी आली. पावतीवर लिहिलं होतं: दोष आढळला नाही. पाठोपाठ ॲपने विचारलं, आमची सेवा कशी वाटली? हर्षद म्हणाला, "बाबा, पाचच तारे द्या हां. चार दिले तर चौकशीसाठी गाडी परत नेतात." दशरथरावांनी पाच दिले.

तेराव्याला सगळे त्याच गाडीतून मुलुंडला गेले. चाळ गोळा झाली. "एकदा चार्ज केली की किती चालते हो?" पहिल्याच माणसाने विचारलं. दशरथराव म्हणाले, "तीनशे नव्वद किलोमीटर." जोगेश्वरी ते मुलुंड सतरा किलोमीटर आहे. त्या माणसाला हसू नका. मघाशी गाडी आली म्हटल्यावर तुमच्याही मनात हाच प्रश्न आला होता.

वसुधा तुकाराम परब, वय एकोणऐंशी, मंगळवार, २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता मुलुंडच्या राहत्या घरी वारल्या.