चुलीमागची तांबडी काय म्हणाली

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कुस्कोच्या बाजारापासून ते पार बर्फाच्या डोंगरापर्यंत कुईची भाषा कळणारा माणूस एकच. तो मी, सातुर्निनो! तुम्ही जिला गिनीपिग म्हणता ना, तीच आमची कुई. चुलीमागे राहते, बटाट्याची सालं खाते, आणि सणावाराला आम्ही तिला खातो. घरटी दहा-बारा असतातच, पण त्यांचं ऐकतो कोण? मी ऐकतो! शिट्टी मारली, म्हणजे हिरवा चारा आणा. पोटातून गुरगुरली, म्हणजे बरं चाललंय. दात वाजवले, म्हणजे भांडण, मध्ये बोट घालू नका. गाव माझ्याकडे विचारायला यायचं आणि मी डोळे मिटून उत्तर द्यायचो. डोळे मिटले की लोकांचा विश्वास जास्त बसतो.

तर झालं काय, यंदा सणाचा मान माझ्या मेव्हण्याकडे, फेर्मिनकडे आला. ज्याच्याकडे मान, त्याच्या पंगतीसाठी गावाने आपापल्या कुई द्यायच्या, ही आमची रीत. सगळ्यांनी दिल्या. गावातल्या चुली रिकाम्या झाल्या. आमची एक तांबडी तेवढी सरपणात लपून बसली, म्हणून वाचली.

रविवारी सण पार पडला. सोमवारी भर दुपारी तांबडी गायला लागली.

गायला म्हणजे गायलाच! शिट्टी नाही, गुरगुर नाही. अगदी पाखरासारखं चिव चिव चिव, मान वर करून, चांगलं पाव तास! जन्मात मी असलं काही ऐकलं नव्हतं. आणि नेमकी त्याच वेळी शेजारची मेल्चोराकाकू विस्तव मागायला दारात उभी.

"अगं बाई! सातुर्निनो, ही काय म्हणतेय रे?"

"माहीत नाही" एवढंच म्हणायचं होतं, दोनच शब्द. पण जिभेवर येतील तर शपथ! मी डोळे मिटले. लहानपणी आजोबा म्हणायचे, कुई पाखरासारखी गायली की घरातलं कोणीतरी जातं. तेच ठोकून दिलं.

"कोण जातं?" काकूने विचारलं.

"आता... सहसा घरातलं सगळ्यात मोठं माणूस."

चुलीशी बटाटे सोलत बसलेल्या आमच्या सासूबाईंचा हात थांबला. आसुंताबाई. वय एकोणऐंशी, कान मात्र विशीतले.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "कधी?"

"अहो, तसं नाही सासूबाई..."

"तुम्हाला कुईचं कळतं की नाही?"

मेल्चोराकाकू टक लावून बघत होती. "कळतं," मी म्हणालो.

सासूबाई उठल्या. हात धुतले, लग्नातला लाल घागरा घातला, मागच्या खोलीत गेल्या आणि आडव्या झाल्या. झालं!

मेल्चोराकाकूच्या पायाला चाकं आहेत. बातमी वरच्या आळीत पोचेपर्यंत सासूबाई गेलेल्याच होत्या, त्यामुळे तिकडची मंडळी फुलं घेऊनच आली. त्यांना बसायला घोंगड्या सासूबाईंनी स्वतः उठून दिल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या. फेर्मिनही आला. सणाची चिचा, म्हणजे आमची मक्याची दारू, अजून त्याच्या डोक्यातून उतरली नव्हती. आधी आईच्या गळ्यात पडून रडला, मग पंगतीचं भांडं परत करायचं राहिलं म्हणून रडला.

इथवर गंमत होती. पण सासूबाई जेवेनात.

"जाणाऱ्याने कशाला खायचं? राहणाऱ्यांना पुरू दे."

मंगळवारी तांबडी पुन्हा गायली. बुधवारी पुन्हा. बुधवारी सासूबाईंचा आवाज खोल गेला आणि पेला दोन्ही हातांनी धरावा लागला. निकोलासाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला अंगणात गाठलं.

"मागे घ्या."

"काय?"

"तोंडातून काढलंत ते! आईला सांगा, मला कळत नाही म्हणून."

"अगं, कुई बोलली. मी फक्त निरोप दिला."

"आईला काही झालं ना, तर तुम्ही त्या कुईबरोबर सरपणात राहायचं. या घरात पाऊल टाकायचं नाही!"

खरं सांगतो, माझी पाचावर धारण बसली. वीस वर्षं सासूबाईंनी ताटातला सगळ्यात मोठा बटाटा मला वाढला आणि त्याबरोबर एक टोमणाही. दोन्हींवाचून मला घास गिळता आला नसता. पण तोंड उघडवेना! शेवटी मी डोंगरापलीकडच्या तोरिबिओबाबाला बोलावलं.

तोरिबिओबाबा आमच्याकडचा जाणता. जिवंत कुई आजाऱ्याच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरवायची, मग तिचं पोट चिरून आत बघायचं. माणसाचा रोग कुईत दिसतो. आता गावात कुई उरली होती एकच. सांगायला लाज वाटते, पण मला मनातून बरंच वाटलं. साक्षीदारच नाहीसा होणार होता ना!

बाबाने तांबडीला मानेखाली धरून उचललं. तिने असा आकांत केला की खोलीभर जमलेल्या माणसांनी टोप्या काढल्या. बाबाने तिला सासूबाईंच्या कपाळावरून, खांद्यावरून फिरवलं आणि छातीवर ठेवलं.

ती गप्प झाली. हळूच सरकत सासूबाईंच्या काखेत शिरली आणि गुरगुरायला लागली. सासूबाईंचा हात आपोआप तिच्या पाठीवर गेला. बाबाने कमरेची सुरी काढली, बघितलं, आणि परत खोचली.

"ही एकटी कधीपासून आहे?"

"रविवारपासून," मी म्हणालो.

"आणि गाते कधीपासून?"

"सोमवारपासून."

बाबाने माझ्याकडे असं बघितलं, की त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. "अरे, कुई कधी एकटी राहते का? हाक मारली तर ओ द्यायला कोणी नाही, थंडीत अंगाला अंग नाही. ती गाणार नाही तर काय करील? सोबत मागतेय ती!"

"आणि सासूबाई?"

"हिला भूक लागलीय."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. निकोलासाने आईचा हात धरला. "ऊठ गं आई, ऐकलंस ना?"

सासूबाईंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "तोरिबिओ भला माणूस आहे. पण मला धाडलंय जावईबापूंनी. त्यांनी परत बोलावलं तर येईन."

मी घसा साफ केला आणि सवयीने डोळे मिटले.

"डोळे उघडे ठेवा!" निकोलासा म्हणाली.

"सासूबाई," मी म्हणालो, "ती काय म्हणत होती ते मला कळलं नव्हतं. मला फक्त चारा मागितलेला कळतो."

"मोठ्याने," सासूबाई म्हणाल्या. "वरच्या आळीची माणसं मागे उभी आहेत."

मोठ्याने सांगितलं! सासूबाई उठून बसल्या, बटाट्याचं कढण मागितलं आणि सलग तीन वाडगे प्यायल्या. निकोलासा रडत होती आणि वाढत होती. रडलो मीही, पण माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

राहिला प्रश्न तांबडीचा. गावात दुसरी कुई नाही आणि बाजार थेट रविवारी. तोवर सोबत कोण करणार? निकोलासाचं शेत होतं. सासूबाईंना घरोघर जायचं होतं, कोण किती रडलं याची चौकशी करायला. "जावईबापू आहेत की," त्या जाता जाता म्हणाल्या.

तेव्हापासून मी चुलीमागे बसून आहे, मांडीवर तांबडी. ती गुरगुरते, मी गप्प. शुक्रवारी मेल्चोराकाकूने दारातून डोकावलं.

"सातुर्निनो, बटाटे काढायला येतोस ना? सगळे खोळंबलेत."

मी उठायला गेलो. मांडीवरून एकच बारीक "चिव" आलं. मी खाली बसलो.

काकूने माझ्याकडे बघितलं, तांबडीकडे बघितलं, आणि एक अक्षर न बोलता गावभर सांगायला निघाली. या खेपेला तिने पदरचा एक शब्दही घातला नाही म्हणे. गरजच पडली नाही.