मन्मथअप्पांची तीन घमेली

महिन्याभरापासून आमच्या पाथरीच्या गल्लीत माणसाआधी भेंडीची आंघोळ होते. शेजारचे मन्मथअप्पा उजाडताच अंगणात तीन घमेली मांडून बसतात. एकात मिठाचं पाणी, दुसऱ्यात खायचा सोडा, तिसऱ्यात साधं. दुसऱ्या दिवशी सोडा आधी, मीठ मागून. तिसऱ्या दिवशी सोडा गायब, चिंच हजर. विचारलं तर म्हणतात, "मोबाइलवर नवीन आलंय."

"भेंडीला तीनदा आंघोळ, अन् सोता अजून पारोसे!" काकू दारातून ओरडतात.

"तू गप. औषध निघायलंय."

औषध म्हणजे फवारणीचं. अप्पांनी तीस वर्षं तेच विकलं. "दादा, दोन झाकणं जास्तच टाका" असं दुकानात उभं राहून सांगणारा माणूस आता कोथिंबिरीची काडी न् काडी चोळतो, हे मला काही केल्या जुळेना.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बीएस्सी. त्यामुळे गल्लीतले असले निकाल माझ्याकडे येतात. "प्रोफेसर, मीठ आधी का सोडा?" अप्पा विचारायचे. मी एकदा मीठ म्हणालो, एकदा सोडा. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. तेवढ्यावर अप्पांचं बघून धुवायला लागलेल्या चार घरांनी घमेल्यांचा क्रम बदलला. आमच्या आईनं तर मेथी कपड्याच्या पावडरीत बुडवली. फेस आला म्हणजे औषध सुटायलंय, असं तिचं म्हणणं. ती मेथी शेळीनंही हुंगून सोडली.

शेवटी मी जुनी पुस्तकं उघडली आणि अप्पांच्या अंगणात गेलो. "अप्पा, वरवरचं औषध वाहत्या पाण्यात चोळून बरंच निघतं. पण आंतरप्रवाही असलं, झाडाच्या रसात उतरलेलं, तर कितीबी धुवा, निघत न्हाई."

"मला शिकवायलास का? डब्यावर लिहिलेलं असतंय. लोकांना मीच वाचून दाखवायचो."

"मग हे कशाला?"

अप्पांनी घरात नजर टाकली. त्यांची लेक महिन्यापूर्वीच पहिल्या बाळंतपणाला आलेली. मला माहीत होतं, पण घमेल्यांशी मी ते जोडलंच नव्हतं.

"डॉक्टर म्हणले, पालेभाजी खाऊ घाला," ते हळू बोलले. "न्हाई खाल्ली तर रक्त कमी. खाल्ली तर... हा पालक कुणी काय मारून पाठवला, मला कळंना. तीस वर्षं मला सगळं कळत होतं."

एरवी मी तोंडावर बोलणारा. त्या दिवशी बाह्या सारल्या आणि त्यांच्यासमोर बसलो.

"आणा इकडं, अर्धी जुडी मी धुतो."

"सांभाळून," अप्पा म्हणाले. "पानं लय कवळी हायत."