दाराबाहेरचे दोन बाक

होलमिर्झा-अकांनी सकाळी आभाळाकडे पाहिलं, उजवा गुडघा दाबून पाहिला आणि निकाल दिला, "आज रात्री दंव गोठणार."

"रेडिओ परवा रात्री म्हणतोय," बायको सनोबार म्हणाली.

"रेडिओकडे गुलाब आहेत का?"

अकांकडे सतरा होते. नमनगान या फुलवेड्या शहरात हा आकडा मिरवण्यासारखा नाही; तिथे पोस्टमनकडेही पंधरा निघतात. पण अकांचा सतरावा, कमानीवर चढलेला केशरी गुलाब, शहरात दुसरीकडे कुठेच नव्हता. म्हणजे चार वर्षांपूर्वीपर्यंत. मग तो शेजारच्या तुर्सुनबोयकडेही फुलला आणि फुलांच्या जत्रेत लागोपाठ तीनदा पहिला आला. अकांचा दुसरा. "आला कुठून?" म्हटलं की तुर्सुनबोय सांगायचा, "मामानं अंदिजानहून आणला." हा मामा मोहल्ल्यात कुणी पाहिला नव्हता.

थंडीआधी कमानीवरचा वेल सोडवायचा, भिंतीलगतच्या चरात आडवा निजवायचा आणि वर हातभर माती लोटायची. मदतीला जावई नोदिर आला तो नवा कोट घालून. अकांनी कोट काढायला लावला, आपला जुना चपान, कापूस भरलेला लांब अंगरखा, त्याच्या अंगात चढवला, कमरेला रुमाल करकचून बांधला. कमानीखालचे दोन बाक आड येत होते, ते दाराबाहेर मांडले.

"इथेच उभा राहा. झाकायच्या वाळक्या पाल्याची गाडी येईल. पुढे गेली तर तुला पांघरून गुलाब झाकीन."

नोदिर दंताळ्याच्या दांड्यावर रेलून उभा राहिला.

आता, दाराबाहेर बाक, अंगात चपान, कमरेला रुमाल आणि हातात काठी, असा माणूस त्या मोहल्ल्यात एकाच कारणासाठी उभा राहतो: घरातलं कुणी गेलं की. नोदिरला हे माहीत नव्हतं असं नाही. पण स्वतःचा अवतार स्वतःला दिसत नसतो.

सगळ्यात आधी म्हातारे सोबीर-ओता आले. थबकले, नोदिरला छातीशी धरलं, बाकावर बसले आणि दुव्यासाठी हात उचलले. नोदिरनेही उचलले. तिथे चहाच्या पेल्यानंतरही दुव्याला हात उचलले जातात, आणि वडीलधाऱ्यांना 'कशासाठी' असं जावई विचारत नाही.

"आज ना उद्या सगळ्यांनाच जायचंय, पोरा."

"हो, ओता," नोदिर म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

दारात जावई, सासरा कुठे दिसत नाही. पुढचा हिशोब ज्याने त्याने केला. अर्ध्या तासात अकरा माणसं जमली.

भिंतीच्या आत चरात गुडघ्यांवर बसलेल्या अकांना आवाज येऊ लागले.

"चांगला माणूस होता."

"सुतासारखा सरळ."

"नेलेली कुदळ न मागता परत करायचा."

कुणीतरी भला माणूस गेला, अका हळहळले. त्यांच्या स्वतःकडे लोकांच्या दोन कुदळी पडून होत्या.

"आणि गुलाब! असा माळी पुन्हा होणे नाही."

अकांचं फावडं थांबलं. खरं तर त्यांनी तेव्हाच उठायला हवं होतं. पण असं ऐकायला जिवंतपणी कुणाला मिळतं? ते आणखी वाकून बसले.

तेवढ्यात ओळखीचा हुंदका आला.

"अका, मला माफ करा! मामा-बिमा कुणी नव्हता हो. भिंतीवरून हात घालून मीच तुमची फांदी कापली. पहिला नंबर तुमचाच होता!"

भिंतीवर मातीने माखलेलं एक डोकं उगवलं.

"तुर्सुनबोय, पुन्हा बोल. जरा मोठ्यानं."

दोघे पळाले. सोबीर-ओता बाकावरून घसरले. त्याच वेळी बाजारातून परतलेल्या सनोबारने गर्दी पाहून पिशवी टाकली, हंबरडा फोडला, मग नवऱ्याला पाहिलं आणि हंबरडा अर्ध्यावर आवरला.

"तुम्ही जिवंत? मग ही माणसं कशाला जमवलीत?"

"गुलाब पुरायला," अका म्हणाले.

शोकासाठी सगळ्यांनी कमरेला रुमाल बांधलेलेच होते. अकांनी फावडी काढली, त्या दोन कुदळीही काढल्या. कुदळींचे मालक आपापल्या कुदळीकडे बघत राहिले. दिवस मावळायच्या आत सतराही गुलाब मातीखाली गेले. कमानीवरच्या वेलावर माती तुर्सुनबोयने लोटली, मान वर न करता. पाल्याची गाडी आलीच नाही.

"फुगू नका," सनोबार पुलाव वाढताना म्हणाली. "मेलेल्याला सगळेच चांगलं म्हणतात."

"दहा जणांचं मी धरतच नाही. एकाचं पुरे."

दंव गोठलं ते रेडिओच्याच रात्री. त्या दिवशी दुपारी तुर्सुनबोयच्या दाराबाहेर दोन बाक दिसले, शेजारी चपानावर रुमाल बांधून त्याचा थोरला मुलगा. आत गुलाब पुरायचं चाललंय म्हणे. पण फावड्याचा आवाज नव्हता, आणि भिंतीवर टोपीचा शेंडा तेवढा दिसत होता.

अकांनी ठेवणीतला चपान चढवला, सावकाश चालत गेले, बाकावर बसले, हात उचलले. टोपी किंचित वर आली.

"माणूस चांगला होता," अका खणखणीत आवाजात म्हणाले. "गुलाब माझा होता."