सासऱ्यांचा हललेला फोटो

"त्यात काय एवढं? संध्याकाळच्या आत सासऱ्यांच्या मिशीचा केस न् केस मोजून देतो!" जावयानं छाती फुगवून सांगितलं. सासरे जाऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता.

सासऱ्यांना फोटोचं भलतंच वावडं. मोबाइल रोखला की तोंडासमोर वर्तमानपत्र धरायचे! त्यामुळे भिंतीवर लावायला फोटो एकच, नातीच्या वाढदिवसाला सासूबाईंनी जेवणाच्या टेबलाशी काढलेला. तोही हललेला. त्यानंतर थोड्याच वेळात सासरे त्याच खुर्चीत गेले.

"पण हसत गेले हो!" सासूबाई येईल त्याला सांगायच्या. "मी म्हटलं, हसा की जरा! जन्मात पहिल्यांदा ऐकलं माझं." त्या एका वाक्याच्या आधारावर त्यांच्या घशाखाली घास उतरत होता.

जावयानं लॅपटॉप उघडला. मेव्हणा शेजारी खुर्ची ओढून बसला. तो याला 'कॉम्प्युटरराव' म्हणायचा, आणि कौतुकानं नव्हे.

"फोटो काढताना हात कसा हलला ते माहीत नाही, खरा चेहरा कसा होता तेही माहीत नाही," जावई समजावू लागला. "मग हाताचा अंदाज धरून चेहरा सुधारायचा, चेहऱ्यावरून हाताचा अंदाज सुधारायचा. पुन्हा चेहरा, पुन्हा हात. फेऱ्यांवर फेऱ्या!"

"म्हणजे एका आंधळ्यानं दुसऱ्याला वाट दाखवायची!"

सासूबाईंचं वय बघून जावयानं सुरुवातीला थरथरत्या हाताचा अंदाज दिला. थोड्या फेऱ्यांत सासऱ्यांना दोन मिशा फुटल्या. आणखी थोड्या फेऱ्यांत तीन कान!

"अरे, बाबा आहेत की बोका?" मेव्हणा ओरडला.

"आई, तुमचा हात फार थरथरतो हो," जावई कुरकुरला.

सासूबाई भडकल्या. "कुणाचा थरथरतो? सुईत दोरा ओवते मी अजून! हे हसले म्हणून मलाही हसू फुटलं, आणि हाताला एकच हिसका बसला."

एकच हिसका! जावयानं अंदाज बदलला. मेव्हणा कंटाळून चहा टाकायला गेला. फेरीगणिक चित्र उजळू लागलं. टेबलाची कड आली, मिशी आली, एकच आली. मग दात आले.

सासरे हसत नव्हते. दातावर दात आवळले होते, कपाळाच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, आणि एका हाताच्या मुठीत छातीवरचा सदरा चुरगळला होता. डोळे सरळ समोर, फोटो काढणारीकडे बघत होते.

"आलं का काही?" सासूबाईंनी पलंगावरून विचारलं. "थांबा, चष्मा घेऊन आलेच!"

त्या उठल्या. चष्मा सापडेपर्यंत जावयानं सगळं पुसून टाकलं, मूळ फोटो तेवढा ठेवला.

"नाही जमलं, आई," तो म्हणाला. "आणखीच बिघडत होतं."

"गर्जेल तो पडेल काय!" स्वयंपाकघरातून मेव्हण्यानं टोमणा हाणला.

"गप रे!" सासूबाई म्हणाल्या. "सगळ्यांना सगळं थोडंच येतं? हाच मोठा करून आणा तुम्ही. हसतायत, एवढं दिसतंय की. तेवढं तरी जमेल ना?"

"जमेल," जावई म्हणाला.

"मी जातो बरोबर," चहाचे कप ठेवत मेव्हणा म्हणाला. "नाहीतर हा उलटा छापून आणायचा!"

सासूबाई खुदकन हसल्या. आठवडाभरात त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं, ते जावयाला!