प्रोद्रोमोसचा घोडेस्वार

काशाचं कितीही झिजलेलं नाणं नुसता अंगठा फिरवून ओळखतो, अशी प्रोद्रोमोसची ख्याती होती; निदान प्रोद्रोमोस तरी तसं सांगे. मॅसिडोनियातल्या त्या गावच्या लहानशा संग्रहालयात तो तीस वर्षं नाणी साफ करत होता आणि पेन्शनला अकरा महिने उरले होते. अशा वेळी माणसानं गप्प बसावं. पण खोदकामात निघालेलं एक काळंकुट्ट नाणं संचालिका थेआनोबाईंना ओळखता येईना, तेव्हा पठ्ठ्यानं ते गुपचूप कोटाच्या खिशात टाकलं. सुट्टीत घरी निवांत बघू, दोन तारखेला उत्तरासकट जागेवर ठेवू! त्याच थेआनोबाईंना नवीन वर्षाचा केक कापायला घरी बोलावलंय, हे मात्र तो साफ विसरला.

एक तारखेला दुपारी त्यानं खिसा चाचपला. रिकामा!

"एवान्थिया, कोटातलं नाणं कुठाय?"

"केकसाठी काढलं. नाणं नको होय त्यात?" बायको म्हणाली, आणि घंटा वाजली म्हणून दार उघडायला गेली. दारात थेआनोबाई उभ्या होत्या.

संत वासिलीच्या केकमध्ये नाणं लपवायचं, ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचं वर्ष भाग्याचं. ही रीत प्रोद्रोमोसला जन्मभर आवडत आली होती. आज मात्र त्याला त्या केकमध्ये तुरुंगाचे गज दिसू लागले. पहिला तुकडा ख्रिस्ताचा, दुसरा मारियामातेचा, तिसरा घराचा. त्यानं तिघांनाही साकडं घातलं, घरालासुद्धा. नाणं कुठेच निघालं नाही. चौथा तुकडा पाहुण्यांचा. सुरी खट्‌कन अडली.

कोणी काही विचारायच्या आत त्यानं सगळं ओकून टाकलं. चोरी नव्हे, नुसतं बघायला आणलं होतं, पेन्शनवर पाणी सोडायला लावू नका, असं तो काकुळतीनं सांगत सुटला. "पण ओळखलंय मी, मॅडम. कासान्द्रोस राजाचं आहे. अंगठ्याला घोडेस्वार स्पष्ट लागतो."

थेआनोबाईंनी तुकड्यातली चांदीच्या कागदाची पुडी सोडली. आत दोन युरोचं नाणं होतं.

"ते काळं होय?" एवान्थिया म्हणाली. "अहो, लिंबू-मिठानं घासलं तर वर शिंगवाला सैतान निघाला, बकऱ्याच्या पायांचा. तो काय संताच्या केकमध्ये घालू? बाधा नको म्हणून लसणीबरोबर बांधून ठेवलाय स्वयंपाकघरातल्या फळीखाली."

नाणं आलं. लखलखत होतं! दोन हजार वर्षांचा काळा थर साफ उतरला होता. प्रोद्रोमोसनं डोळे मिटून घेतले.

"हा सैतान नव्हे, पान नावाचा देव. नाणं अँटिगोनोस राजाचं," बाई शांतपणे म्हणाल्या. "न विचारता नेलंत, ते तुमच्या वयाकडे बघून पोटात घातलं असतं. घासलं, त्यात तुमचा हात नाही. पण तीस वर्षं आमची नाणी हाताळताय, प्रोद्रोमोस, आणि बकऱ्याला घोडा म्हणता?"

पेन्शन वाचली. उरलेले अकरा महिने तो संग्रहालयाच्या तिकीट खिडकीवर बसला. तिथली नाणी ओळखायला काही अडचण आली नाही. त्यांच्यावर आकडे छापलेले होते.