मधली जागा रिकामी

पागनीस काकांच्या फोटोत मगर कधीच मध्ये नसते. मध्ये चिखल असतो. स्वच्छ, ठसठशीत, भेग न् भेग दिसेल असा चिखल. आणि मगर बिचारी उजव्या कोपऱ्यात, आमंत्रण नसताना लग्नाला आल्यासारखी अंग चोरून पडलेली. बगळा असेल तर डाव्या काठाला. खंड्या असेल तर इतका वर, की त्याची चोच आता फोटोबाहेर जाते की काय अशी धास्ती वाटावी.

हे गृहस्थ सिंचन खात्यातून निवृत्त झाले, ग्वाल्हेरच्या थाटीपुरात राहतात, आणि दर हिवाळ्यात तिथून थेट कोकणातल्या एका खाडीवर जाऊन पक्षी आणि सरपटणारे प्राणी टिपतात. चंबळ आमच्या उशाशी आहे. तिथे मगरी वाळूवर पंगतीला बसल्यासारख्या पडलेल्या असतात. पण काकांना त्या चालत नाहीत. "चंबळचा मगर बीहडातल्या घळींत वाढलेला," ते म्हणतात. "त्याला अदब नाही." खाडीतल्या मगरीला अदब असते हे यांना कोणी सांगितलं, ते त्या मगरीलाही ठाऊक नसावं.

अदब हे काकांचं पालुपद. त्यांचे पूर्वज दरबारात घोड्यांच्या पागेचा कारभार बघत. घोडे गेले, पागा गेली, संस्थान विलीन झालं. अदब तेवढी थाटीपूरच्या दोन खोल्यांत शाबूत आहे. मगर मध्ये का नाही, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी मला दरबाराची बैठक समजावून दिली. मध्ये फक्त जाजम असतं. मानकरी कडेला उभे राहतात. मध्ये जाऊन उभा राहतो तो गावंढळ. मग मगर मानकरी झाली का, असं मी विचारलं.

"बिल्कुल," काका म्हणाले. "आणि घोरपडसुद्धा."

माझ्या वडिलांचा दौलतगंजात छापखाना आहे. मी वाचायला शिकले ती मोर्चांच्या पत्रकांवरून. राजेशाही गेली हे मला माझ्या नावाच्या स्पेलिंगआधी पाठ होतं. त्यामुळे मगरीला मानकरी ठरवणारा माणूस मला सोसणं शक्यच नव्हतं. काका मला "पत्रकवाली" म्हणत. मी त्यांना तोंडावर काका म्हणे आणि मागे काय म्हणे ते इथे लिहीत नाही.

खाडीवरचा नावाडीही यांना वैतागलेला. नवखा होता तेव्हा तो होडी अगदी मगरीसमोर नेऊन उभी करी, आणि काका कॅमेरा वळवून भलतीकडे लावत. दोन दिवसांनी त्याने ठरवलं की साहेबांची मान आखडलेली आहे. तिसऱ्या दिवशी तो नारायण तेलाची बाटली घेऊन आला. काकांनी मान चोळून घेतली, त्याचे आभार मानले आणि पुन्हा चिखलाचा फोटो काढला. ही गोष्ट ते स्वतःच सांगतात आणि स्वतःच हसतात.

पण आमच्या मराठी मंडळाला हसू आलं नाही. गणपतीत कार्यकारिणीचा फोटो काकांनी काढला, तर सगळे पदाधिकारी दोन टोकांना आणि मध्ये सरबताचं पिंप. अध्यक्ष डाव्या काठावर, एका कानासकट अर्धे कापलेले. आता हा फोटो अन्य कुठल्याही गावात फाडला गेला असता. आमच्याकडे काकांनी दरबाराचं नाव काढलं आणि सगळे गप्प. दरबाराचं नाव काढलं की ग्वाल्हेरचा मराठी माणूस पिंपालाही मुजरा करतो. पुढच्या फोटोला तर मंडळी आपणहून कडेला सरकली. मध्ये उभं राहून गावंढळ कोण ठरणार?

त्या फोटोचं कौतुक फक्त सुलभाकाकींनी केलं. काकी म्हणजे पागनीस काकांची बायको. फोटो हातात धरून त्यांनी एकेकाचं नाव घेतलं, कोण नवी साडी नेसलंय तेही सांगितलं. नवऱ्याचं कौतुक करायला त्यांना दुसरं काही उरलं नसेल, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

काकींशीही माझं फारसं जमत नसे. त्या बोलताना तोंडाकडे बघत नाहीत. तुमच्या कानाजवळून पलीकडे कुठेतरी बघतात, जणू तुमच्या मागे कोणी अधिक महत्त्वाचं उभं आहे. बाजारात समोरून येऊन ओळख देत नाहीत. सराफ्यात एका बाईंना त्यांनी असं ओलांडलं, की त्या बाईंनी हळदीकुंकवाला येणं बंद केलं. मंडळात सगळे म्हणत, काकींना अलीकडे गर्व झालाय. मी त्याला सरंजामी नजर म्हणे. शब्द चांगला होता म्हणून चार ठिकाणी वापरलाही.

आणि तरीही काकींच्या बाजूने मीच भांडायचे. कारण ती खाडी काकींच्या माहेरची. धक्क्यावरून शाळेत गेलेली मुलगी लग्न होऊन या कोरड्या गावात आली. नवरा आयुष्यभर धरणांचं पाणी मोजत राहिला आणि तिला म्हणत राहिला, पुढच्या वर्षी नेतो. आता फुरसत मिळाली तर हा एकटाच जातो, मेव्हण्याकडे उतरतो, ताजे मासे खातो, आणि बायको थाटीपुरात दुधीची भाजी चिरते. हे मी काकांना भर सभेत ऐकवलं. ते म्हणाले, "पत्रकवाली, तुला अदब कधी येणार?"

या हिवाळ्यानंतर मंडळाने खाडीच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. मी निरोप पाठवला की फोटो कापून घेऊ. पलीकडच्या बाजूचा चिखल गेला की मगर आपोआप मध्ये येईल. काकांनी उलट निरोप पाठवला की मग प्रदर्शन रद्द समजा. मी तणतणत थाटीपूर गाठलं. येताना तोंडी पत्रकच तयार केलं होतं, सहा मुद्द्यांचं.

दार उघडं होतं. आत गोदरेजच्या कपाटाला टेकवून एक भला मोठा फोटो उभा होता आणि काकी त्याच्यासमोर पाटावर बसल्या होत्या, नजर बरोबर मधल्या चिखलावर रोखून. काका शेजारी. समोर नाही, बाजूला.

"वर, डावीकडे," काकी म्हणाल्या. "खंड्या. धक्क्याच्या खांबावर बसलाय. आणि खाली उजवीकडे... ती वाळलेली फांदी नाही हो. मगर आहे."

काकांनी मान तेवढी हलवली.

माझी चाहूल लागली तशा काकी वळल्या आणि माझ्या कानापलीकडे बघत म्हणाल्या, "ये गं. तूच ना? पिवळी ओढणी दिसली."

काका उठून काहीतरी दरबाराबद्दल सांगू लागले. काकींनी त्यांना थांबवलं. "राहू द्या आता. पोरगी भांडायला आलीय, तिला खरं तरी मिळू दे." मग मला म्हणाल्या, "मधलं गेलंय गं माझं. डोळ्यांच्या मागचा पडदा खराब झालाय, औषध नाही. ज्याच्याकडे बघते तेवढंच पुसलं जातं. कडा शिल्लक आहेत."

मी विचारलं, मग एकदा तरी तिकडे का जात नाही.

"जाऊन काय करू? होडीत कोण काय दाखवेल तिकडे बघायचं, आणि बघितलं की तिथेच धुकं. इथे निवांत बघता येतं. हे बरोबर कडेला ठेवून आणतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "कोणाला सांगू नकोस. गर्व झालाय म्हणतात ते परवडतं. बिचारी म्हणायला लागले की चहासुद्धा कोणी हातात देणार नाही, तोंडाला लावतील."

काका खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "सांगून टाकलंस सगळं. काही अदब आहे की नाही?"

सहा मुद्दे मी परत घरी नेले.

आता सांगते आहे ते काकींनीच परवानगी दिली म्हणून. प्रदर्शनात फोटो लागले ते न कापता. लोक आले, चिखल बघून गेले. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन विचारलं की मगरी छापताना सरकल्या का. मी त्यांना दरबाराची बैठक समजावून दिली, जाजमासकट. त्यांनी मान डोलावली. राजेशाहीचा एवढा उपयोग मी आयुष्यात कधी केला नव्हता.

काकी सगळ्यात मोठ्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. मध्ये ओहोटीचा चिखल. वरच्या कोपऱ्यात माडांमागचं त्यांच्या माहेरचं कौलारू छप्पर. काका फोटोच्या डाव्या चौकटीला लागून, भिंतीशी उभे. दरबारी उभे राहत असतील तसे.

बराच वेळ काकी चिखलाकडे बघत होत्या. मग मान जराही न वळवता हळूच म्हणाल्या, "दाढी करून यायचं होतं, हो. चारचौघं आलेत."

काकांनी गालावरून हात फिरवला. पलीकडून अध्यक्ष त्यांना चहाला बोलावत होते. पण ते तिथून हलले नाहीत.