बंडगर सरांना कळत नाही

आमच्या बंडगर सरांना काहीही कळत नाही. हे मी म्हणत नाही हो, तेच म्हणतात, आणि तेही चारचौघांत, खड्या आवाजात. "आवं, कळलं न्हाई. परत सांगा!"

साताऱ्यातल्या आमच्या एम.एड.च्या कॉलेजात त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून आहे. त्यामुळे हे वाक्य मी रोज चहाबरोबर घेते. प्राचार्यांनी सूचना वाचली, कळलं न्हाई. बँकेतल्या मुलीनं केवायसी समजावलं, कळलं न्हाई. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात तर यांनी भटजींनाच अडवलं. "गुरुजी, आत्ता पोराकडनं काय कबूल करून घेतलं? परत सांगा." त्यांच्या बायकोनं कपाळावर हात मारला आणि अख्खा मांडव हसला.

हा माणूस खरंच मठ्ठ आहे की सोंग करतो, हे मला इतक्या वर्षांत उलगडलेलं नाही. मठ्ठ म्हणावं तर पीएच.डी. आहे. सोंग म्हणावं तर चेहरा इतका कोरा, की आपण नक्की काय बोललो याची आपल्यालाच शंका यावी.

त्यांच्या हाताखाली सुगंधा हिलम संशोधन करत होती. डोंगरातल्या कातकरी वस्तीवरून इतकं शिकलेली पहिलीच मुलगी. विषय असा, की कातकरी मुलं पहिलीच्या वर्गात गप्प का बसतात. मागे कॉलेजात तिनं तो मांडला, तर एका पाहुण्यानं विषय सोडून विचारलं, "तुमच्या वस्तीवर काय काय खातात हो?" पोर जी खाली बसली, ती थेट बॅग भरायलाच लागली. कशीबशी थांबवली तिला. आता सांगलीच्या चर्चासत्रात तिचा निबंध होता. "तिथंही तसंच झालं, तर मी घरी जाते, मॅडम. शिक्षण बास झालं," तिनं मला बजावलं होतं.

म्हणून रोज कॉलेज सुटल्यावर तालीम. ती फळ्यापाशी, सर शेवटच्या बाकावर. तिचं एक वाक्य झालं, की यांचं ठरलेलं, "कळलं न्हाई."

मी एकदा भांडलेच. "अहो सर, पोरगी रडकुंडीला आलीय!"

"व्हय? मग चिडू द्या की. चिडली की लय खणखणीत बोलती."

ती खरंच चिडली. टेबलावर हात आपटून म्हणाली, "सर, आता माझ्या बोलीत सांगू का तुम्हाला?"

"सांग की!"

तिनं तावातावानं सांगितलं. सरांनी हनुवटी खाजवली. "कळलं न्हाई." मी डोकं धरून घरी गेले.

सांगलीला तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, माइक धरला आणि थेट कातकरी बोलीतच सुरू झाली! घाबरून मराठी विसरली की काय? बोलता बोलता तिनं सभागृहाला काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. सगळे विद्वान चिडीचूप. दोघंतिघं तर मान डोलवत होते. म्हटलं, आता आमचे सर बोलणार. ते गप्प! मी कोपरानं ढोसलं, "म्हणा ना तुमचं ते!" ते मांडीकडे बघत बसून राहिले.

मग ती मराठीत म्हणाली, "मी विचारलं, कुणाला तहान लागलीय का? एकानंही विचारलं नाही, की बाई, तू काय म्हणतेस. आमची पोरं पहिलीत अशीच बसतात. त्यांना मंद म्हणतात."

नंतर तिला भरपूर प्रश्न आले, सगळे तिच्या कामावरचे. वस्तीवर काय खातात, हे कुणी विचारलं नाही.

परतीच्या एसटीत मात्र पोरीचा चेहरा उतरलेला. पुढच्या सीटवरून वळून म्हणाली, "सर, तुम्ही आज एकदाही अडवलं नाहीत. इतकं वाईट झालं?"

सर खिडकीबाहेर बघत होते. "आमचं गाव जतच्या पल्याड," ते हळू म्हणाले. "घरात कानडी. मेंढरामागनं उचलून शाळेत घातलं, तर मास्तर मराठी. कायबी कळंना. पर कळलं न्हाई म्हणायला बी मराठी यावं लागतं की, पोरी. ते येत नव्हतं. गप बसलो. मंद म्हणून परत पहिलीतच ठेवलं मला. आज तू विचारलंस आन् तसंच झालं बघ. तोंडच उघडंना."

इतकी वर्षं शेजारी बसून मी या माणसाला हसत होते.

"तुमच्या शेजारी कोण बसायचं, सर?" सुगंधानं विचारलं.

"कोन न्हाई."

ती उठली. मी तिला माझी जागा दिली. "सर, तुमची आई कानडीत गोष्ट सांगत असेल ना? ती सांगा."

सरांनी आढेवेढे घेतले, मग घसा खाकरून सुरू झाले. पलूस मागं पडलं तरी गोष्ट चालूच. मला एक अक्षर समजलं नाही. संपल्यावर सुगंधा चेहरा कोरा ठेवून म्हणाली,

"आवं, कळलं न्हाई. परत सांगा."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. रुमालानं डोळे पुसले आणि गोष्ट पहिल्यापासून परत सांगायला घेतली.